घरी ई-लिक्विड मिसळताना ग्रॅमने मोजावे की मिलिलिटरने?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. चौदा वर्षे ओढलेली सिगारेट दीड वर्षापूर्वी पूर्ण सोडली आणि व्हेपवर म्हणजे ई-सिगारेटवर आलो. निकोटीनचे प्रमाण प्रति मिली बारा मिलिग्रॅमवरून सहावर आणि सहावरून तीनवर उतरवले, परंतु तिनावरून एकदम शून्यावर जाण्याचा प्रयत्न दोनदा फसला. आमच्या जवळच्या दुकानात तीन आणि शून्य यांच्या मधली पायरीच मिळत नाही. त्यामुळे व्हेपमध्ये भरायचा द्रव म्हणजे ई-लिक्विड स्वतः मिसळून आधी दोन, मग दीड, मग एक असे हळूहळू उतरावे असे ठरवले आहे. मात्र त्याआधी, मी ज्याला तीन म्हणतो ते खरोखर तीनच आहे ना, याची खात्री करून घ्यायची आहे.

गेल्या रविवारी पहिली बाटली केली. कृती ६० मिलीची होती: १० मिलीचा एक निकशॉट म्हणजे तयार निकोटीन द्रवाची छोटी बाटली (प्रति मिली १८ मिलिग्रॅम निकोटीन, पूर्णपणे ग्लिसरीनमधला), ६ मिली आंब्याचा स्वाद, १२ मिली पीजी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ३२ मिली व्हीजी म्हणजे ग्लिसरीन. सिरिंजने ग्लिसरीन ओढायला घेतले तर दट्ट्या वर येईना आणि आला तो निम्मी हवा घेऊन आला. शेवटी सिरिंज बाजूला ठेवली, घरात शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा होता तो काढला, आणि निकशॉट आख्खा रिकामा करून बाकीचे तिन्ही पदार्थ कृतीतल्याच आकड्यांप्रमाणे तोलून घातले. काहीही सांडले नाही, तरी बाटली ६० च्या रेघेपर्यंत भरलीच नाही. द्रव ५३ च्या जरासा खाली थांबला. त्यातले दोन मिली व्हेपच्या टाकीत घालून पाहिले तर विकतच्या तीनपेक्षा घशाला जास्त लागते आणि आंबाही जरा भडक वाटतो. चूक काट्याची आहे, माझी आहे की कृतीची? आणि पुढच्या वेळी ग्रॅम धरावेत की मिली?

वनौषधी

मी पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि आता लेस्टरला एका औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काटा ठीक आहे आणि कृतीही ठीक आहे. कृती मिलीत होती आणि तुम्ही ती ग्रॅमची समजून तोललीत, एवढेच झाले आहे.

पाण्याचा एक मिली जवळजवळ एक ग्रॅम भरतो, म्हणून आपल्या मनात दोन्ही एकच होऊन बसलेले असतात. पीजीच्या बाबतीत ते जवळपास चालून जाते, कारण त्याची घनता प्रति मिली १.०३६ ग्रॅम आहे. ग्लिसरीनची मात्र १.२६१ आहे. तुम्ही ३२ ग्रॅम ग्लिसरीन घातलेत, म्हणजे प्रत्यक्षात २५.४ मिलीच पडले. १२ ग्रॅम पीजीचे ११.६ मिली झाले. स्वाद पीजीमध्येच विरघळवलेला असेल तर त्याचे ६ ग्रॅम म्हणजे ५.८ मिली. निकशॉट तुम्ही तोलला नाहीत, बाटली उलटी केलीत, त्यामुळे तो पूर्ण १० मिली आला. बेरीज केली तर ५२.८ मिली होते, म्हणजे तुम्हाला जिथे द्रव थांबलेला दिसला तिथेच.

आता घशाचे कारणही यातच आहे. निकशॉटमध्ये १८० मिलिग्रॅम निकोटीन होते. ते ६० मिलीत पसरले असते तर प्रति मिली तीन मिलिग्रॅम झाले असते; ते ५२.८ मिलीत पसरले, म्हणून ३.४ झाले. स्वादही दहाऐवजी अकरा टक्के झाला. घाबरण्यासारखा हा फरक अजिबात नाही, परंतु तुम्ही पायरी-पायरीने उतरणार आहात आणि तुमची पुढची पायरी एकाच मिलिग्रॅमची आहे. तीनवरून दोनवर जायचे असताना सुरुवातच ३.४ ला झाली, तर ती पायरी जवळपास दीडपट उंच होते, आणि मग उतरताना धाप लागली की माणूस स्वतःच्या निर्धाराला दोष देत बसतो. तुमचे आधीचे दोन प्रयत्न फसण्याशी मोजमापाचा संबंध नव्हता हे मला मान्य आहे, पण तिसरा प्रयत्न मोजमापामुळे फसू नये असे मनापासून वाटते.

गोंधळ होण्याचे आणखी एक कारण सांगते. निकोटीनचे प्रमाण ‘मिलिग्रॅम प्रति मिली’ असे लिहिलेले असते, म्हणजे वर वजन आणि खाली आकारमान. पीजी-व्हीजीचे ३०-७० हे गुणोत्तर बहुतेक ठिकाणी आकारमानाचे असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्हाला लेबलवर प्रत्येक टक्क्यापुढे तो वजनाचा की आकारमानाचा हे लिहायला लावत, आणि लिहिले नाही तर प्रयोगवही परत मिळत असे. तुमच्या वहीतही प्रत्येक आकड्यापुढे ‘ग्रॅम’ किंवा ‘मिली’ हा शब्द पूर्ण लिहिण्याची सवय ठेवा.

पायली

ताईंनी हिशेब चोख मांडला आहे. मी बर्मिंगहॅमला असतो आणि गेली सहा वर्षे घरीच मिसळतो. पहिले वर्ष सिरिंजने काढले आणि नंतर काट्यावर आलो, तो पुन्हा सिरिंजकडे गेलो नाही.

आमच्या गावी आजी पायलीने आणि अधोलीने धान्य मोजत असे. पायलीभर बाजरी आणि पायलीभर साळ यांचे वजन एक नसते हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. सोनार मात्र गुंज आणि मासा यांवरच चालायचा, कारण त्याच्या व्यवहारात चिमूटभर चूकही परवडण्यासारखी नव्हती. निकोटीनचे मिश्रण हे सोनाराच्या बाजूचे काम आहे असे मी मानतो.

वजनाचा मुख्य फायदा असा की ग्लिसरीन किती चिकट आहे याच्याशी काट्याला काही देणेघेणे नसते. इथल्या हिवाळ्यात थंड खोलीत ठेवलेले ग्लिसरीन मधासारखे संथ होते. सिरिंजच्या भिंतीला त्याचा थर राहतो, टोकात थोडे अडकते, बुडबुडा आत असला तर रेघ खोटी वाचली जाते. तापमानामुळे ग्लिसरीनचे आकारमान फारसे बदलत नाही, वीस अंशांच्या फरकाला साधारण एक टक्का. खरा त्रास त्याच्या दाटपणाचा आहे. काट्यावर बाटली ठेवली, शून्य केले आणि बाटलीत जे पडले तेच मोजले गेले. भिंतीला काय चिकटले याचा प्रश्नच उरत नाही आणि नंतर सात सिरिंजा धुवाव्या लागत नाहीत.

तुमच्या ६० मिलीच्या कृतीचे ग्रॅम असे होतील: निकशॉट १२.५६, स्वाद ६.२, पीजी १२.४३ आणि ग्लिसरीन ४०.३५. सगळे मिळून साधारण ७१.५ ग्रॅम. ही शेवटची बेरीज वहीत आधीच लिहून ठेवत जा, कारण मिश्रण पूर्ण झाल्यावर रिकाम्या बाटलीचे वजन वजा करून ती जुळते का हे लगेच पाहता येते. सिरिंजच्या पद्धतीत अशी उलटतपासणी करता येत नाही.

काट्याची एक खोड मात्र सांगून ठेवतो, कारण तिने मला दोन महिने छळले. स्वस्त काटे शून्यावर असताना अगदी बारीक वाढ झाली तर तिला आपलाच चढउतार समजून पुन्हा शून्य दाखवतात. स्वाद थेंबाथेंबाने घालायला गेलो तर पहिले तीन-चार थेंब काटा गिळून टाकायचा, आणि माझे स्ट्रॉबेरीचे मिश्रण दर वेळी वेगळे लागायचे. एक थेंब साधारण ०.०३ ग्रॅमचा असतो, म्हणजे चार थेंबांत ०.१२ ग्रॅम हिशेबाबाहेर गेले. तेव्हापासून मी प्रत्येक पदार्थानंतर शून्य करत नाही. पीजी आधी घालतो, काटा १२.४३ दाखवत असताना त्यावरच स्वाद घालतो आणि १८.६३ ला थांबतो. आकडा शून्यापासून दूर असला की माझा काटा थेंब लपवत नाही. काटा मिनिटाभरात आपोआप बंद होणारा असेल तर हे चालू एकूण वजनही कागदावर टिपत राहा, नाहीतर मध्येच पडदा काळा होतो आणि सगळा हिशेब हातचा जातो.

काटा खरा आहे का हे पाहायला वेगळी वजने विकत घ्यायची गरज नाही. इथले एक पेनीचे नाणे ३.५६ ग्रॅमचे आणि दोन पेन्सचे ७.१२ ग्रॅमचे असते. जरा नवी दिसणारी पाच-सहा नाणी एकत्र ठेवून पाहा.

कोव्हेंट्रीवाला

वरच्या दोघांशी माझा वाद नाही, पण एक बाजू मांडायची राहते आहे. इथे २०१६ पासून लागू असलेल्या नियमांमुळे निकोटीन असलेले द्रव १० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत आणि प्रति मिली २० मिलिग्रॅमपेक्षा तीव्र विकता येत नाही. म्हणूनच ६० मिलीच्या बाटलीत ५० मिली निकोटीनविरहित द्रव भरून ती विकली जाते आणि ग्राहक त्यात एक निकशॉट रिकामा करतो. त्यात मोजायचे काहीच नसते, निकोटीन कारखान्यातच मोजून आलेले असते. तुम्हीही निकशॉट आख्खा वापरत असाल तर तुमच्या बाटलीतले निकोटीन जवळपास ठरलेलेच आहे आणि चूक होण्याची जागा फक्त एकूण आकारमान ही आहे. ६० ची रेघ असलेल्या बाटलीत ती रेघ गाठेपर्यंत ग्लिसरीन ओतले असते तरी तुमचे तीन बरोबर आले असते.

त्यामुळे ज्याच्याकडे काटा नाही त्याने केवळ यासाठी काटा घ्यावाच असे मी म्हणणार नाही. मोजपात्र सपाट जागेवर ठेवून डोळा रेघेच्या पातळीला आणून वाचले, ग्लिसरीनची बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवली आणि टोकाला सुई नसलेली रुंद तोंडाची सिरिंज घेतली, तर मिलीनेही काम नीट होते. मात्र अर्धा किंवा पाव निकशॉट वापरायची वेळ आली, तर मीही काट्याकडेच वळेन.

वनौषधी

कोव्हेंट्रीवाल्यांचा मुद्दा योग्य आहे. त्यात एक भर घालते: रेघेपर्यंत ओतायचे तर त्या रेघेवर विश्वास हवा, आणि पिळायच्या मऊ प्लास्टिक बाटल्यांवरच्या रेघा मोजपात्राइतक्या काटेकोर नसतात. रिकाम्या बाटलीत ६० ग्रॅम पाणी तोलून घाला आणि ते कुठवर येते ते पाहा. रेघ चुकीची निघाली तर कायम शाईच्या पेनने स्वतःची रेघ काढा. बाटली नंतर पूर्ण कोरडी करायला विसरू नका.

विषय मोजमापाचा आहे, तरी दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. निकशॉटच्या त्या एवढ्याशा बाटलीत १८० मिलिग्रॅम निकोटीन असते आणि ते लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. मिसळताना हातमोजे घाला, त्वचेवर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि उरलेला निकशॉट फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी न ठेवता कुलूपबंद कपाटात ठेवा. दुसरे असे की स्वाद व्हेपसाठीच बनवलेला असावा. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात केवड्याचे, गुलाबाचे, वेलचीचे अर्क असतात आणि त्यांतले काही तेलात असतात. तेल फुप्फुसात गेले की तिथे दाह होतो. कितीही मोह झाला तरी ते वापरू नका.

रेडिंगकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून पडताळणी केली. त्याच पाकिटातली दुसरी रिकामी बाटली तोलली, ते वजन भरलेल्या बाटलीतून वजा केले, आणि आतला द्रव ५९.९ ग्रॅम निघाला. ताईंच्या हिशेबाने मूळ मिश्रण ६२.६ ग्रॅमचे असायला हवे होते, आणि टाकीत गेलेल्या दोन मिलींचे साधारण २.४ ग्रॅम वजा केले तर ६०.२ उरायला हवे होते. ०.३ ग्रॅमचा फरक कुठे गेला याचा विचार करताना निकशॉटची रिकामी बाटली उजेडात धरून पाहिली, तर तळाशी आणि मानेच्या वळणावर ग्लिसरीनचा थर स्पष्ट दिसत होता. यापुढे निकशॉटही तोलूनच घालणार आहे.

आता ही बाटली सुधारता येईल का, हे विचारायचे राहिले. शिवाय दिवाळीला तीन आठवडे पुण्याला जायचे आहे, तेव्हा तिथे नेण्यापुरती एक छोटी बाटली करावी असा विचार होता.

वनौषधी

बाटली सुधारता येईल. कमी पडले होते ते ८.३५ ग्रॅम ग्लिसरीन आणि ०.४३ ग्रॅम पीजी, स्वादाचे ०.२ ग्रॅम सोडून दिले तरी चालेल. तुम्ही मिश्रणाचा सुमारे चार टक्के भाग वापरला आहे, म्हणून ८ ग्रॅम ग्लिसरीन आणि ०.४ ग्रॅम पीजी घाला, नीट हलवा आणि बुडबुडे जाईपर्यंत रात्रभर ठेवा.

पुण्याला मात्र काहीही नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, निर्मिती, विक्री, वाहतूक आणि साठवण या सगळ्यांवर बंदी आहे. आयातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्या तीन आठवड्यांसाठी निकोटीनचे पॅच किंवा च्युइंगगम चालेल का, हे निघण्यापूर्वी तुमच्या जीपींना म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना किंवा धूम्रपान सोडवण्याच्या स्थानिक केंद्राला विचारून घ्या.

रेडिंगकर

समजले, काहीही नेणार नाही. पॅचबद्दल या आठवड्यातच विचारतो. सांगितल्याप्रमाणे बाटली सुधारली आणि आज सकाळी घशाला विकतच्या तीनसारखीच वाटली.

दोन मिलिग्रॅमच्या पायरीसाठी एका निकशॉटमध्ये ९० मिली करायचे ठरवले आहे. माझा हिशेब असा: निकशॉट १२.५६ ग्रॅम, स्वाद ९.३ ग्रॅम, पीजी १८.६५ ग्रॅम, ग्लिसरीन ६६.८३ ग्रॅम, एकूण १०७.३ ग्रॅम. कृपया कोणीतरी तपासावा.

पायली

तपासला, बरोबर आहे. बाटली १०० मिलीची घ्या, म्हणजे हलवायला वर जागा राहते. निकशॉटच्या बाटलीत थर राहतोच, त्यामुळे १२.५६ ऐवजी १२.२ च्या आसपासच हाती लागेल. जेवढे पडेल तेवढे टिपा आणि बाकीचे तिन्ही पदार्थ त्याच प्रमाणात कमी करा. बाटलीवर तारीख आणि ‘२ मिलिग्रॅम प्रति मिली’ असे लिहून ठेवा, म्हणजे तीनच्या बाटलीशी अदलाबदल होणार नाही.