ऑक्टोबरमध्ये हेजहॉगचं खाणं बंद करू नका

बागेत येणाऱ्या हेजहॉगला (हिवाळाभर झोपून राहणारा छोटा काटेरी प्राणी) दूध-पाव ठेवू नका, असं सांगतात ते अगदी बरोबर. दुधाने त्यांना हगवण लागते आणि त्यात ते दगावतातही. पण ‘ऑक्टोबर लागला की खाणं बंद करा, नाहीतर ते हिवाळ्यासाठी झोपी जात नाहीत’ असंही सांगतात, ते पटलं नाही. खाणं मिळतंय म्हणून हेजहॉग जागा राहत नाही. थंडी वाढली आणि अंगात पुरेशी चरबी साठली की तो आपसूक झोपतो. इथे ब्रिटनमध्ये सप्टेंबरच्या सुमारास उशिराची पिल्लं जन्मतात, हाल होतात ते त्यांचे. हिवाळा काढायला वजन साधारण 450 ग्रॅम तरी हवं, आणि नेमके तेव्हाच भुंगेरे, अळ्या कमी होतात. म्हणून मांजरांसाठी मिळणारं मांसाचं ओलं खाणं आणि उथळ बशीत पाणी रोज ठेवाच. बशी सलग काही रात्री जशीच्या तशी राहिली, तरच थांबवा.

आमच्या कुंपणाजवळ गेल्या वर्षी भर दुपारी एक पिल्लू झोकांड्या खात फिरत होतं. दिवसा असं दिसलं तर ऊन खातंय समजून सोडून देऊ नका, ते बहुधा आजारी असतं. खोक्यात ठेवा, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी द्या आणि लगेच वन्यप्राणी बचाव केंद्राला फोन करा.

आणि ब्रिटनमध्ये 5 नोव्हेंबरला ‘बॉनफायर नाइट’ म्हणून मोठी शेकोटी पेटवतात, तिची लाकडं कृपया त्याच दिवशी रचा. आधीपासून रचलेल्या ढिगात हेजहॉग हमखास शिरून बसतात.