टिपरचं इंजिन पिकअपमध्ये बसवावं का?

घाटवाटे:
आमची जुनी टाटामोबाईल २०६ गोव्यातल्या साखळीहून बेळगावला फेऱ्या करते. जाताना नारळ, येताना भाजी, रस्ता चोर्ला घाटाचा. १.९ लिटरच्या इंजिनाचं कंप्रेशन गेलंय, घाटाच्या पायथ्याची केरी सोडली की दुसऱ्या गिअरवर रडत चढतं. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ ला थांबल्या, सुरू झाल्या, मार्च २०१८ ला परत बंद पडल्या. तेव्हापासून डिचोली-सांगे भागात खनिज ओढणारे टिपर ट्रक भंगारात निघतायत. त्यातलं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर कमिन्स इंजिन ओळखीत स्वस्तात मिळतंय. गॅरेजवाला म्हणतो, अ‍ॅडॉप्टर प्लेट (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारी) बनवून बसवतो. माझं मत बसवावं असंच आहे. मेकॅनिकल पंप, सेन्सरची कटकट नाही, आणि जोर तर विचारूच नका. विरोध असेल तर कारण लिहा. नुसतं ‘वेडेपणा’ नको.

पाटेवाला:
कारणच लिहितो. ते इंजिन कोरडं, म्हणजे ऑइल-पाण्याशिवाय, पाचशे किलोच्या घरात जातं. तुमच्या जुन्यापेक्षा निदान अडीचशे किलो जास्त, आणि ते सगळं पुढच्या अ‍ॅक्सलवर. गाडीचं भारासह पास झालेलं वजन काही वाढत नाही. म्हणजे ते अडीचशे किलो तुमच्या मालातून गेले, कांद्याची पाच पोती कमी. भाडं कमी करायला इंजिन बदलताय का? लांबीही जवळजवळ मीटरभर आहे, केबिनची पुढची भिंत कापावी लागेल. आपल्या खाऱ्या हवेत तीसेक वर्षं राहिलेली चेसिस खालून हातोडीने ठोकून बघा आधी. जिथे ‘ठण्ण’ऐवजी ‘ठप्प’ वाजेल, तिथे वेल्डिंग धरणार नाही.

जुनाजीपवाला:
पाटेवाले भाऊ, घाबरवू नका. गोव्यात आणि कोकणात पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवून लोकांनी वर्षानुवर्षं धंदा केला. मॅटाडोरचं इंजिन बसवलेल्या जीपा मी स्वतः चालवल्यात. स्प्रिंगचे पाटे वाढवा, रेडिएटर मोठा घ्या, चेसिसचा क्रॉस मेंबर (आडवा दांडा) नवा करा. मिस्त्री चांगला असला की होतं. कमी आरपीएमला मिळणारा जोर काय असतो, ते घाटात कळतं.

पाटेवाला:
जीपमध्ये बसवलेलं ते इंजिन २.४ लिटरचं होतं हो! चार सिलिंडर. ५.९ शी त्याची तुलना कशी करता? हे तुमच्या इंजिनाच्या तिपटीहून जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं. तो जाणार कुठे? क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, मागचे क्राउन-पिनियन, सगळ्यांतून. चढावर अर्धा क्लच धरलात की आधी काय तुटेल त्याची पैज लावा.

डिफवाला:
एक गोष्ट दोघेही विसरताय. ट्रकचं इंजिन अडीच-पावणेतीन हजार आरपीएमला संपतं, तुमचं चार हजारांच्या वर फिरतं. डिफचा, म्हणजे मागच्या डिफरन्शियलचा, गिअर रेशो तोच ठेवलात तर आता जिथे ८० ला आरामात जाता तिथे ५० लाच ओरडायला लागेल. म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफसुद्धा ट्रकचे हवेत. मग मूळ गाडीचं उरलं काय, केबिन आणि नंबरप्लेट?

कागदपत्रं:
नंबरप्लेटही उरेल असं धरू नका. आरसीवर सिलिंडर, सीसी, विनाभार वजन सगळं असतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ बघा, प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबर बघेल.

जुनाजीपवाला:
आला कायदा! भंगार झालेले टायर घेऊन फिरणाऱ्यांना विचारा आधी. आणि उताराचं कोणी बोलतच नाही. भाजी भरून गाडी चोर्ला *उतरते*. मोठं इंजिन खालच्या गिअरला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. हा फायदा मोजा की.

पाटेवाला:
हा मुद्दा मात्र खरा, दाद देतो. पण तो माझ्याच बाजूचा आहे. भरलेली गाडी उतरते, म्हणजे जास्त ओझं असताना तुम्हाला चढायचा जोर लागतच नाही, लागतात ब्रेक. उतारावर ब्रेक दाबला की वजन आधीच पुढे सरकतं, त्यात नाकावर अडीचशे किलो जास्त. पुढचे ब्रेक मात्र २०६ चेच. पावसात, धुक्यात, त्या वळणांवर.

घाटवाटे:
नारळ चढतात हो, ते विसरू नका. पण डिफचं मिस्त्रीने सांगितलं नव्हतं. टाटा ४०७ ट्रकचं तीन लिटरचं इंजिन घेतलं तर?

डिफवाला:
२९५६ सीसी. पुढे २०७ डीआय पिकअपला कंपनीने त्याच मापाचं दिलं, तेव्हा निदान वेडगळ तरी नाही. पण ती गाडी त्या हिशेबाने बांधलेली आहे. आरसीचा प्रश्न तसाच राहतो. मला विचाराल तर तुमच्याच १९४८ सीसीला स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, हेडचं काम आणि पंप-नोझल कॅलिब्रेशन करा.

जुनाजीपवाला:
आणि परत दुसऱ्या गिअरवर रडा.

पाटेवाला:
कंप्रेशन गेलंय म्हणून रडतंय, काका. नवीन असताना हीच गाडी हाच घाट चढत होती ना? घाटवाटे, एक करा. जवळच्या वजनकाट्यावर भरलेल्या गाडीची फक्त पुढची चाकं चढवा, आकडा इथे टाका, मग बोलू.

घाटवाटे:
गुरुवारी भाजी भरून येतोय, तेव्हा टाकतो. तोवर टिपरवाल्याला थांब म्हटलंय, पण तो रोज फोन करतोय.