सगळे भाग ओळखले म्हणजे पेशी समजली का?

साखळीप्रक्रिया (धागाकर्ता):
एक जनुक, एक प्रथिन, एक काम. या वाटेने जीवशास्त्र फार पुढे आलं, यात वाद नाही. पण सगळे भाग ओळखले की पेशी कशी वागेल ते सांगता येईल, हे मला मुळीच पटत नाही.

ई. कोलाय हा जिवाणू कसा पोहतो ते बघा. थोडा वेळ सरळ जातो, मग गिरकी घेऊन दिशा बदलतो. आजूबाजूला हवासा पदार्थ वाढला की गिरक्या कमी होतात. पण पदार्थ तेवढाच राहिला, तर थोड्या वेळाने गिरक्यांचं प्रमाण नेमकं पूर्वीइतकं होतं. म्हणून तर त्याला पुढचा फरक जाणवतो. यातली प्रथिनं मोजकी आणि ओळखीची होती. कोडं वेगळंच होतं. प्रत्येक पेशीत या प्रथिनांचं प्रमाण कमीजास्त असतं, मग हा नेमकेपणा येतो कुठून?

१९९७ मध्ये बार्काई आणि लाइबलर यांनी समीकरणं मांडून सांगितलं की तो जोडणीतच आहे, प्रमाणांवर अवलंबून नाही. १९९९ मध्ये उरी अलोन आणि या दोघांसह इतरांनी चेआर हे यातलंच एक एन्झाइम नेहमीच्या सुमारे ५० पटीपर्यंत वाढवून पाहिलं. पूर्वपदावर यायला लागणारा वेळ बदलला, गिरक्यांचं मूळ प्रमाण बदललं, नेमकेपणा मात्र टिकला! हा गुण कुठल्याही एका प्रथिनाचा नाही. एकेक प्रथिन वेगळं काढून तपासणाऱ्याला तो सापडणार कसा?

माझ्या मते सिस्टिम्स बायोलॉजीशिवाय, म्हणजे सुट्या भागांऐवजी त्यांची सगळी जोडणी समीकरणांनी अभ्यासल्याशिवाय, आता गत्यंतर नाही. तुमची मतं वाचायला आवडतील.

एकच_रेणू:
उदाहरण सुरेख आहे, पण निवडून घेतलेलं आहे. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी या सगळ्या प्रकाराला ‘लो इनपुट, हाय थ्रूपुट, नो आउटपुट’ (विचार थोडा, मोजमापांचा धडाका मोठा, निष्पत्ती शून्य) म्हटलं होतं, आणि त्यांचा मूळ आक्षेप गंभीर होता. बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावरून आतली यंत्रणा उलट दिशेने काढता येत नाही. एकाच वागण्याला दहा यंत्रणा लागू पडतात.

२००७ मध्ये सिस्टिम्स बायोलॉजीतली १७ गणिती मॉडेल्स तपासली गेली. सगळ्यांत तेच दिसलं. बरेचसे स्थिरांक (समीकरणांत धरलेले वेगांसारखे आकडे) कितीही इकडेतिकडे केले तरी मॉडेल डेटाशी जुळतंच. जे कशानेही बिघडत नाही, ते नेमकं काय सांगतं?

दुसऱ्या बाजूला इमॅटिनिब बघा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात दोन जनुकं जोडली जाऊन एक बिघडलेलं एन्झाइम तयार होतं. ते अडवणारं औषध २००१ मध्ये मंजूर झालं आणि त्या आजाराचं चित्रच पालटलं. तिथे जाळ्यांच्या आकृत्या लागल्या नाहीत.

साखळीप्रक्रिया:
त्या १७ मॉडेल्सच्या अभ्यासाचा अर्धाच भाग तुम्ही सांगितलात. स्थिरांक सैल असले तरी भाकितं घट्ट असू शकतात, हेही त्याच अभ्यासात आहे.

आणि इमॅटिनिबची वाट सगळीकडे चालत नाही. बीआरएएफ जनुकातला एक विशिष्ट बदल मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) सापडतो, मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही सापडतो. बदललेलं बीआरएएफ दाबणारं वेमुराफेनिब हे औषध मेलानोमात चाललं, आतड्याच्या कर्करोगात जेमतेम. का? बीआरएएफ दाबलं की तिथे उलट संदेश जाऊन ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा, वाढीचा संदेश घेणारा रेणू जागा होतो आणि पेशी पुन्हा वाढू लागते. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळात फारसा नसतो. लक्ष्य तेच, औषध तेच, फरक फक्त भोवतालच्या जोडणीचा.

एकच_रेणू:
आणि २०१२ मध्ये हे सापडलं कसं, तेही सांगा ना. पेशींतली कायनेज जनुकं (संदेश पुढे नेणाऱ्या एन्झाइम्सची) एकेक करून गप्प केली आणि कोणतं गप्प केल्यावर औषध चालतं ते पाहिलं. अवकल समीकरण कुठेच नव्हतं. सुटे भाग काढून बघणं म्हणतात ते हेच. श्रेय मात्र तुम्ही जाळ्याला देताय.

सूक्ष्मदर्शी:
जिवंत पेशींचं चित्रण करणं हे माझं रोजचं काम, म्हणून मध्ये पडते. दोघंही ‘भाग की जाळं’ यावर भांडताय, पण काळाचं काय?

पी५३ घ्या. डीएनएला इजा झाली की हे प्रथिन वाढतं. लाखो पेशी एकत्र फोडून वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे त्यांतल्या प्रथिनाचं एकत्रित प्रमाण पाहिलं, तर एक लाट दिसते आणि ती हळूहळू विरत जाते. गालित लहाव, अलोन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकेक पेशी वेगळी पाहिली. तिथे काहीच विरत नव्हतं! प्रत्येक पेशीत साधारण सारख्याच उंचीचे, सारख्याच रुंदीचे ठोके होते. किरणांचा मारा वाढवला की ठोके मोठे होत नव्हते, त्यांची संख्या वाढत होती. विरणारी लाट ही केवळ सरासरीची करामत.

पुढे २०१२ मध्ये लहाव यांच्याच गटाने न्यूटलिन हे पी५३ची मोडतोड रोखणारं रसायन कधी आणि किती द्यायचं याचं वेळापत्रक मॉडेलवरून काढलं आणि ठोक्यांऐवजी पी५३ची पातळी सतत उंच ठेवली. ठोके पडणाऱ्या बऱ्याच पेशी सावरून पुन्हा विभागू लागल्या. सतत उंच पातळी असलेल्या बहुतांश पेशींचं विभाजन कायमचं थांबलं. प्रथिन तेच, फक्त ताल वेगळा. एकच_रेणू, हे वेळापत्रक समीकरणांशिवाय कसं काढलं असतंत?

शंकासुर:
छोट्या मंडलांपुरतं मान्य. पण दावे अख्ख्या पेशीचे होतात. २०१२ मध्ये मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जिवाणूचं, ५२५ जनुकांचं, ‘संपूर्ण पेशी’ संगणकीय मॉडेल आलं. चार वर्षांनी क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने जगायला लागतील तेवढीच जनुकं ठेवून ४७३ जनुकांची किमान पेशी बनवली, तर त्यातल्या १४९ जनुकांचं नेमकं काम कुणालाच माहीत नव्हतं. तिसरा हिस्सा अज्ञात असताना ‘संपूर्ण’ कशाला म्हणायचं?

साखळीप्रक्रिया:
‘संपूर्ण’ या विशेषणासाठी मी भांडणार नाही. पण ते मॉडेल चुकलं कुठे, ते बघण्यासारखं आहे. एकेक जनुक बंद केल्यावर जिवाणू किती वेगाने वाढेल, ही भाकितं २०१३ मध्ये प्रयोगाशी ताडली गेली. जिथे जुळली नाहीत, तिथे कोणत्या एन्झाइमचा धरलेला वेग चुकीचा असावा ते मॉडेलवरून काढलं. मग त्यातली काही एन्झाइम्स प्रत्यक्ष मोजली, आणि नवे आकडे जुळले. पुढचं काय मोजायचं, हे चुकलेल्या मॉडेलने सांगितलं.

एकच_रेणू:
सूक्ष्मदर्शी, वेळापत्रकाचा मुद्दा बिनतोड आहे, तिथे समीकरणं लागतातच. साखळीप्रक्रिया, ते एन्झाइम्स शेवटी कुणीतरी परीक्षानळीत एकेक करूनच मोजले ना? माझं म्हणणं तेवढंच आहे. आणि हजारो ठिपके-रेषांच्या त्या आकृत्या, ज्यांत खोटं ठरू शकेल असं एकही विधान नसतं, त्या याच नावाखाली छापल्या जातात. त्यांची बाजू घेणार आहात का?

साखळीप्रक्रिया:
नाही. त्यांची बाजू मी घेणार नाही.