धक्का मारला तर बाद करा, आधार दिला म्हणून नको
धावण्याच्या शर्यतींबद्दल कोणीतरी लिहिलंय की नियम म्हणजे नियम, नियम मोडला तर धावपटूला बाद कराच, हायस्कूलच्या पोरांनाही सूट नको. धक्का मारला, शिवी दिली तर बाद कराच. पण अमेरिकेत हायस्कूलच्या शर्यतींत दुसऱ्या धावपटूला आधार दिला तरी बाद करायचे, हे मला अजिबात पटत नाही. २०१२ ला ओहायोच्या स्टेट मीटमध्ये (राज्य पातळीवरच्या शालेय स्पर्धेत) ३२०० मीटरला एक मुलगी फिनिशजवळ कोसळली, मागून येणारीने तिला धरून लाइनपर्यंत नेलं आणि तिलाच पुढे ठेवलं, स्वतः शेवटची आली! नियमाने बाद करता आलं असतं, अधिकाऱ्यांनी केलं नाही, बरोबरच केलं. क्रॉस कंट्रीत (मैदानाबाहेर, माळरानावरून पळायच्या शर्यतीत) तर टीमच्या पहिल्या पाच जणांच्या नंबरांची बेरीज धरतात, त्यातला एक बाद झाला की अख्ख्या टीमचा स्कोअर बिघडतो, मग असा नियम असला तर कोच पोरांना काय सांगणार, कोणी पडलं तरी बघू नका, पळत रहा?