मदत हवी आहे: एमबीबीएससाठीचं सहा महिन्यांचं सोनोग्राफी प्रशिक्षण, दवाखाना चालू ठेवून जमतं का?

नमस्कार मंडळी,

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात सोळा वर्षं जनरल प्रॅक्टिस करतेय, नुसती एमबीबीएस. इथे गरोदर बाईला शेवटची पाळी विचारली की उत्तर येतं, "होळीनंतर आठेक दिवसांनी." मग मी विचारते, होळी कुठल्या गावची? सातपुड्यात गावागावाची होळी वेगळ्या दिवशी पेटते.

मागच्या पावसाळ्यात एक जण आली. हिशोबाने बावीस आठवडे, पोटाला टेप लावून गर्भाशयाची उंची मोजली तर २८ सेंमी; ती साधारण आठवड्यांइतकीच भरायला हवी. दिवस चुकले, गर्भाभोवतीचं पाणी जास्त, की जुळं? हाताने सांगता येईना. चांदसैली घाटात दरड कोसळलेली, सोनोग्राफीसाठी नंदुरबारला पोचायला तिला तीन दिवस लागले. जुळं निघालं.

मला बाळाच्या हृदयाची झडप बघायची नाही, ते रेडिओलॉजिस्टचं काम. दिवस किती, बाळं किती, ठोके आहेत का, वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, एवढं कळलं तरी कुणाला लगेच पाठवायचं ते ठरवता येईल.

गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालच्या २०१४च्या नियमांप्रमाणे ३०० तासांचं प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा, हे वाचलंय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये ते नियम उडवले होते, पण २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणजे कोर्स करायचाच. तर ज्यांनी केलाय त्यांना विचारते:

हे ३०० तास आठवड्यातले दोन-तीन दिवस जाऊन भरतात का, की रोज हजेरी लागते? माझ्या जागी बसायला कुणी नाही.

प्रोब (मशीनचा पोटावर फिरवायचा भाग) खरंच हातात देतात का? की पीजीच्या (पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरच्या) खांद्यावरून पडद्याकडे बघत लॉगबुक भरायचं? खाजगीत सांगितलंत तरी चालेल.

आणि पुढचं म्हणजे फॉर्म एफ, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी भरायचा नोंदीचा फॉर्म. त्यातल्या चुका निव्वळ कारकुनी म्हणून सुटत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्टच केलंय. एकट्या दवाखान्यात नोंदी, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत अहवाल, हे सगळं कोण सांभाळतं तुमच्याकडे? माझी सिस्टर हुशार आहे, पण भाताच्या लावणीला महिनाभर गायब असते.

पोर्टेबल मशीन घेऊन पाड्यावर जा, असं कृपया सुचवू नका. नोंदणीच्या जागेबाहेर ते नेता येत नाही.