मदत हवी आहे : समन्स ‘बजावणी न होता’ परत, आता थेट पेपर जाहिरात की पुन्हा बेलिफ?

नागपूरच्या दिवाणी कोर्टात वसुलीचा दावा आहे. प्रतिवादीचा पत्ता मानेवाड्याचा. बेलिफचा, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा, अहवाल एवढाच : ‘घराला कुलूप, शेजारी सांगतात पुण्यात असतो.’ शेजाऱ्याचं नाव नाही, घर कुणी दाखवलं ते नाही, दारावर प्रतही डकवली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५ रूल १७ ला हे तिन्ही लागतं, त्यामुळे या अहवालावर बजावणी झाली असं धरता येणार नाही. रजिस्टर पोस्टही ‘घर बंद’ शेऱ्याने परत आलं. ‘घेण्यास नकार’ असता तर त्याच ऑर्डरच्या रूल ९(५) खाली बजावणी झाली असं धरून काम भागलं असतं.

समन्स परत आल्यापासून ७ दिवसांत नवं मागितलं नाही तर ऑर्डर ९ रूल ५ प्रमाणे दावा निकाली निघू शकतो, म्हणून अर्ज उद्याच द्यायचा आहे. अडलंय ते इथे :

ऑर्डर ५ रूल २० चा, म्हणजे पेपर जाहिरातीने समन्स बजावण्याचा, अर्ज आत्ताच द्यावा का? की आधी पुण्याच्या नोकरीच्या पत्त्यावर तिथल्या कोर्टामार्फत समन्स काढावं? पत्ता माहीत असून जाहिरात दिली तर उद्या ऑर्डर ९ रूल १३ खाली एकतर्फी (प्रतिवादीच्या गैरहजेरीत झालेला) हुकूमनामा रद्द होईल, ही खरी भीती आहे.

आणि जाहिरात नागपूर आवृत्तीत द्यावी की पुण्याच्या? नियम शेवटच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी खपणारं दैनिक म्हणतो, इथे दोन्ही लागू होतात. शोध घेतल्याच्या प्रतिज्ञापत्रात काय काय लिहावं, तेही कृपया सांगा.