सूर्य मावळायच्या आत

प्रार्थना, क्षमा, विश्वास या गोष्टी मुलगी असताना कुठल्या कथेतून तुमच्यापर्यंत पोचल्या? ख्रिस्ती असा-नसा, सगळ्याजणी लिहा.

माझं पुस्तक ‘चौघीजणी’. लुइझा मे अल्कॉटची १८६८ची अमेरिकन कादंबरी, मराठीत आणली शांता शेळक्यांनी. चौघी बहिणींतली धाकटी एमी रागाच्या भरात बहिणीचं, ज्योचं लिखाण जाळते. आई ज्योच्या कानात सांगते, सूर्य मावळायच्या आत राग सोड. ज्यो ऐकत नाही. दुसऱ्याच दिवशी बर्फ फुटून एमी पाण्यात पडते. आठवीत मी जिवलग मैत्रिणीशी पंधरा दिवस अबोला धरला होता, वही हरवली म्हणून. ते प्रकरण वाचून तशीच तिच्या घरी गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. काही न बोलता तिनं सूप सरकवलं, मला जागा केली. पुढे बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात तेच वचन भेटलं तेव्हा आधी ते सूप आठवलं.

वसईहून
ताई, ‘चौघीजणी’तल्या बेथनं मला छळलं. नाताळच्या सकाळी चौघी बहिणी आपली न्याहारी हमेलांच्या गरीब घरी देऊन येतात, इथवर छान. पण पुढे त्याच घरातलं आजारी बाळ बेथच्या मांडीवरच दगावतं आणि तिलाही तापाची लागण होते. चांगलं करणाऱ्या पोरीला देव असं का करतो? रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, झाल्यावर फादरांना विचारलं. ते म्हणाले, “बाळ, मलाही कळत नाही. चल, आपण प्रार्थना करू.” त्यांनी गुळगुळीत उत्तर दिलं असतं तर माझा विश्वास तिथंच सुटला असता.

नगरहून
आमच्या घरी बाबा पदमनजींची कादंबरी ‘यमुनापर्यटन’ होती, १८५७ची. भाषा जड, उपदेश फार. पण विधवा बाया नायिकेला, यमुनेला आपले हाल सांगतात ती पानं मी आजीला मोठ्यानं वाचून दाखवायचे. आजी मध्येच म्हणायची, “थांब जरा.”

कॅनडाहून
लेकीला मी ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीतली ॲन शर्लीची गोष्ट वाचून दाखवली. अनाथ ॲनला प्रार्थना कशी करायची ठाऊकच नसतं. पत्राखाली सही करावी तशी ती प्रार्थनेच्या शेवटी आपलं नाव सांगते. तेव्हापासून लेक रात्री ‘आमेन’च्या आधी आपलं नाव सांगते, आडनावासकट. शाळेतली मैत्रीण आजारी होती त्या आठवड्यात तिचंही सांगायची.

पुण्याहून
मी ख्रिस्ती नाही. हमेलांची न्याहारी वाचली त्या वर्षी पहिल्यांदा मैत्रिणीबरोबर नाताळच्या उपासनेला गेले. कधी उठायचं, कधी बसायचं कळेना. तिनं सबंध वेळ माझी ओढणी धरून ठेवली होती, उठताना हळूच ओढायची.